तुम्ही विचारलंत म्हणून: "तुला तेव्हा खरंच दिसायचं का गं?"

कुठल्याही घरगुती कार्यक्रमात कोणीतरी एक जण हमखास माझ्या शेजारी खुर्ची ओढतं आणि आवाज बारीक करून विचारतं, "तुला तेव्हा खरंच दिसायचं का गं?" हल्ली तर ओळखीच्यांची मुलंपण विचारायला लागलीत, त्यांनी वेबसिरीजमध्ये अशा मुली बघितलेल्या असतात, हरवलेल्या माणसाचा रुमाल हातात घेतला की डोळे पांढरे करून थेट पत्ता सांगणाऱ्या. मी आजवर "जाऊ दे ना, जुनी गोष्ट" म्हणून टाळत आले. पण आता इतक्यांदा विचारून झालंय की एकदाच काय ते लिहून टाकते.

तर नाही. काही म्हणजे काही दिसायचं नाही. पण मी खोटं बोलत होते असंही नाही, निदान सुरुवातीला तरी नाही, आणि तेच सांगायला जास्त अवघड आहे.

मी पंधरा वर्षांची होते. खालच्या मजल्यावरचे आजोबा एका दुपारी घरातून निघून गेले. विसरायला व्हायचं त्यांना. आता त्याला डिमेन्शिया म्हणतात हे सगळ्यांना माहितीये, तेव्हा आमच्याकडे नुसतं "वय झालंय" म्हणायचे. अंधार पडायला लागला, अख्खी बिल्डिंग शोधायला बाहेर, आणि मी जिन्यात उभी राहून बोलून गेले की आजोबा बस डेपोत आहेत, शेवटच्या बाकावर. का बोलले ते मलाच कळलं नाही. एकदम डोळ्यांसमोर आलं, बाक, त्यांची छत्री, छत्रीला अडकवलेली पिशवी. लोक गेले तर आजोबा खरंच तिथे. शेवटून दुसऱ्या बाकावर होते, पण एवढं कोण धरतंय. आणि छत्री नव्हती त्यांच्याकडे, पिशवीही नव्हती. हे तेव्हा कोणी बोललं नाही, मीसुद्धा नाही, मला तर ते आठवायलाच दहा-बारा वर्षं लागली.

त्याच्यासोबत तेही आठवलं की आजोबा रोज, अगदी रोज, मी शाळेतून आले की दारातून विचारायचे, "साडेपाचची गेली का?" आणि मी वर जाता जाता म्हणायचे, "गेली आजोबा." नोकरीत असताना ते साडेपाचची बस पकडून घरी यायचे. म्हणजे उत्तर माझ्याकडे आधीपासून होतं, फक्त ते माझ्याकडे आहे हे मला माहीत नव्हतं. डोकं परस्पर हिशोब करतं आणि आपल्याला नुसता शेवटचा आकडा कळवतं, म्हणून तो वरून पडल्यासारखा वाटतो. हरवलेली माणसं शोधणारी पथकंही हेच बघतात म्हणे, विसर पडणारं माणूस बरेचदा जुन्या घराकडे नाहीतर जुन्या कामाच्या जागेकडे निघतं, म्हणून आधी ते पत्ते विचारून घेतात. त्यांना कोणी दिव्यदृष्टी म्हणत नाही.

मला मात्र म्हणाले. पुढचे चार महिने मी "ती शोधून देणारी मुलगी" होते. किल्ल्या, मांजर, बँकेची कागदपत्रं, एकदा एका बाईंची कवळी. पंधराएक वेळा विचारलं असेल लोकांनी, त्यात दोनदा बरोबर आलं, आणि आई ती दोन उदाहरणं इतक्या वेळा सांगायची की ऐकणाऱ्याला वाटावं पंधरा झाली. मी तिला थांबवलं नाही. का थांबवीन? पंधराव्या वर्षी तुमचं ऐकून घेणारं घरात कोण असतं, आणि इथे मी तोंड उघडलं की मोठी माणसं चक्क गप्प व्हायची.

नंतर मी जेव्हा या विषयावर हाताला लागेल ते वाचायला लागले तेव्हा फॉक्स बहिणी भेटल्या आणि मला घरचंच कोणी भेटल्यासारखं झालं. साल १८४८, न्यूयॉर्क राज्यातलं हाइड्सव्हिल नावाचं छोटं गाव, मॅगी चौदाच्या आसपास आणि केट अकरा-बाराची. रात्री त्यांच्या खोलीत टकटक ऐकू यायची. मग त्या टकटकीला प्रश्न विचारणं सुरू झालं आणि उत्तर काय मिळालं, तर मी फेरीवाला होतो, मला या घरात मारलं आणि तळघरात पुरलं. म्हणजे बघा, पहिलीच केस हरवलेल्या माणसाची. शेजाऱ्यांनी तळघर खणायला घेतलं, खाली पाणी लागलं म्हणून थांबावं लागलं. त्या दोन पोरींमुळे पुढे मृतात्म्यांशी बोलण्याची एक अख्खी चळवळ उभी राहिली, आणि चाळीस वर्षांनी, १८८८ मध्ये, मॅगीने न्यूयॉर्कमध्ये भरल्या सभेत बूट काढून पायाच्या अंगठ्याचा सांधा वाजवून दाखवला. हीच ती टकटक. पुढच्या वर्षी तिने कबुली मागेही घेतली. लोक हे फसवणुकीची गोष्ट म्हणून सांगतात. मला मात्र पहिली रात्रच दिसते, आई घाबरून शेजाऱ्यांना बोलावतेय, खोली माणसांनी भरतेय, आणि कॉटवर बसलेल्या त्या दोघी, आता ह्यांना कसं सांगायचं की तो आमचा पाय होता.

माझी खोली भरली ती मागच्या बिल्डिंगमधल्या काकू आल्या तेव्हा. त्यांचा सतरा वर्षांचा मुलगा तीन आठवड्यांपासून बेपत्ता होता. घरी भांडण झालं, गेला तो गेला. काकूंनी त्याचा शर्ट आणला होता, निळ्या रेघांचा, आणि तो धुऊन इस्त्री करून आणला होता. कोणाच्या घरी मळका कपडा कसा न्यायचा म्हणून. मी तो हातात घेतला, डोळे मिटले (तोपर्यंत डोळे मिटायला शिकले होते मी), आणि नुसता साबणाचा वास आला. बाकी कायच नाही. खोलीत सहा मोठी माणसं श्वास रोखून बसलेली. "मला काही कळत नाहीये" हे चार शब्द तेव्हा तोंडातून निघाले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. मी म्हणाले, "तो जिवंत आहे. पाण्याजवळ आहे."

पाणी का? कारण पाणी कुठे नसतं? पण हे कारण आत्ताचं, तेव्हा आपसूक आलं तोंडात. नंतर कळलं की या धंद्यात सगळ्यांच्याच तोंडात ते येतं, पाणी, झाडं, कुठला तरी आकडा, उतरतं छप्पर. जेरार्ड क्रोसेट नावाचा नेदरलँड्सचा एक माणूस या कामासाठी जगभर गाजला होता. १९६६ साली ऑस्ट्रेलियात ॲडलेडजवळच्या समुद्रकिनाऱ्यावरून तीन भावंडं नाहीशी झाली तेव्हा त्याला विमानाने बोलावलं. त्याने एक गोदाम दाखवलं, मुलं याच्या जमिनीखाली आहेत म्हणून. लोकांनी वर्गणी काढून ती जमीन फोडली, काही निघालं नाही. १९९६ मध्ये तीच इमारत पाडायला घेतली तेव्हा पुन्हा एकदा सगळं खणलं. तीस वर्षांनी! तेव्हाही काही नाही, मुलं आजतागायत सापडलेली नाहीत. एका माणसाचं एक वाक्य तीस वर्षं खणायला लावतं, हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

कारण काका. काकूंचे मिस्टर. त्यांचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता, पण मुलगा त्यांच्याच शब्दावरून गेला होता. ते त्यानंतर दर रविवारी स्कूटर काढून निघायचे, मुलाचा फोटो प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात, आणि एकेक तळं, एकेक नदीकाठ बघून यायचे. ओळीने आठ रविवार. रविवारी रात्री त्यांच्या दाराबाहेर चिखलाने भरलेले बूट पालथे घातलेले असायचे, आमच्या गॅलरीतून दिसायचे. मी मोजायचे. कोणाला काही बोलले नाही.

आणि "जिवंत आहे" हेही मी काकूंच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाले होते, बस. सिल्व्हिया ब्राउन नावाच्या अमेरिकेतल्या प्रसिद्ध बाई होत्या, त्यांनी २००४ मध्ये टीव्हीवर एका आईला सांगितलं की तुझी मुलगी आता या जगात नाही. ती आई २००६ मध्ये गेली. आणि मे २०१३ मध्ये ती मुलगी त्याच क्लीव्हलंड शहरातल्या एका घरातून दार फोडून बाहेर आली, दहा वर्षं तिला तिथे कोंडून ठेवलं होतं. सगळे त्या बाईंना शिव्या घालत होते तेव्हा मी गप्प होते. त्यांनी "नाही" म्हटलं आणि मी "आहे" म्हटलं, नाणं दोघींनी हवेतच उडवलं होतं, माझं बऱ्या बाजूला पडलं इतकंच.

कारण हो, मुलगा होता. आठ महिन्यांनी त्याचा फोन आला. लांबच्या एका शहरात पॅकिंगच्या कारखान्यात कामाला लागला होता, तिथल्याच गच्चीवर इतर पोरांसोबत झोपायचा. गच्चीवर काय असतं? पाण्याची टाकी. काकू पेढ्यांचा पुडा नाचवावा तशा नाचत आमच्या घरी आल्या, "टाकीजवळ झोपायचा गं! पाण्याजवळ! तू बोलली होतीस!" आई रडली. मीही रडले. आणि काकांचे आठ रविवार त्या टाकीत बुडाले.

इथे मला नेहमी इटलीची गोष्ट आठवते, ती खरी आहे हे दरवेळी पटवून द्यावं लागतं. १९७८ मध्ये तिथले माजी पंतप्रधान आल्दो मोरो यांचं रेड ब्रिगेड्स नावाच्या कडव्या डाव्या अतिरेकी संघटनेने अपहरण केलं. काही प्राध्यापक मंडळी प्लँचेटला बसली, त्यात पुढे पंतप्रधान झालेले रोमानो प्रोदीही होते, आणि त्यात नाव आलं "ग्रादोली". पोलिसांनी ग्रादोली नावाचं अख्खं गाव पिंजून काढलं. काही नाही. आणि रोममध्येच ग्रादोली नावाचा एक रस्ता होता, त्या रस्त्यावरच्या फ्लॅटमध्ये अपहरणकर्त्यांचा अड्डा. तो सापडला कसा, तर फ्लॅटमधून पाणी गळायला लागलं म्हणून! मोरो मात्र वाचले नाहीत, मे महिन्यात त्यांचा मृतदेहच मिळाला. आता नाव बरोबर आलं म्हणून यात आत्मा शोधायचा का? इटलीत बऱ्याच जणांना वाटतं की कोणाला तरी ते नाव आतून माहीत होतं आणि कुठून कळलं ते लपवायला प्लँचेटचा आडोसा घेतला. मला हे पटतं. मलाही साडेपाचच्या बसचं आतूनच माहीत होतं ना.

मग कोणीतरी म्हणतं, पण पोलिसपण घेतात ना मदत? घेतात कधीमधी. लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी १९७९ मध्ये एक तपासणी प्रसिद्ध केली होती, अशा बारा जणांना चार गुन्ह्यांमधल्या वस्तू दाखवून, तपासाला उपयोग होईल असं त्यातून काही आलं नाही. आणि त्याच शहरात पुढच्याच वर्षी एका बाईने आपल्याला दिसलं म्हणून एका हरवलेल्या नर्सचा मृतदेह खरंच शोधून दिला. ही केस मलाही नीट उलगडलेली नाही, खोटं का बोलू. पण पोलिसांनी काय केलं? त्या बाईलाच आत टाकलं. तुला कसं कळलं म्हणून. पुढे दुसरेच गुन्हेगार निघाले, तिने दावा लावला, नुकसानभरपाई मिळवली. सिरीजमधल्या मुलींना हा प्रश्न कोणी विचारत नाही बघा. मृतदेह कुठे आहे हे तुला बरोबर माहितीये, तर पहिली संशयित तूच.

मी बाविसाव्या वर्षी काकूंकडे जाऊन सगळं सांगितलं होतं. साबणाचा वास, बाकी काही नाही, मी फेकलं होतं, काकांना उगाच फिरावं लागलं, सॉरी. काका पेपर वाचत होते, त्यांनी पान उलटलं नाही, एवढंच. काकू हसल्या. "तुला नाही कळायचं ते. तुझ्या तोंडून बोललं गेलं." त्यांच्याशी यावर वाद घालून काही उपयोग नाही, मी प्रयत्न केलाय, मुलगा समोर सोफ्यावर बसलेला असताना कोण हरणार.

मागच्याच महिन्यात त्या एका अनोळखी बाईंना घेऊन आल्या. बाईंची धाकटी बहीण नऊ दिवसांपासून घरी आलेली नव्हती. पोलिसांत नोंद केली होती, पुढे काही हललं नव्हतं. बाईंनी पर्समधून बंद पिशवीत ठेवलेला एक स्कार्फ काढला. "धुतलेला नाही हं," काकू घाईने म्हणाल्या, "मुद्दाम सांगितलं मी."

मी स्कार्फ घेतला आणि घडी घालून मांडीवर ठेवला. डोळे उघडेच. विचारलं, तिने शेवटचा फोन कोणाला केला होता, हल्ली कोणाशी वाजलं होतं का, पैसे कुठे ठेवायची, बरोबर कुठली चप्पल घालून गेली. बाईंनी गोंधळून काकूंकडे बघितलं.

"सांग सांग," काकू म्हणाल्या, "तिला आधी हे सगळं लागतं."

बाई सांगायला लागल्या, आणि मी आईकडे पेन मागितलं.