हायवे ३०१: बाल्डविन ते ओकाला, पावती न फाडता

अमेरिकेतल्या फ्लोरिडात जॅक्सनव्हिलहून ऑर्लँडो किंवा टँपाला निघालेले बरेच जण बाल्डविनला आय-१० हा महामार्ग सोडून हायवे ३०१ धरतात. रस्ता सरळ, सपाट, चौपदरी. मोकळ्यावर मर्यादा ताशी ६५ मैल, आणि गोम नेमकी तिथेच आहे. गाव आलं की पाट्या ५५, ४५, ३५ अशा भराभर उतरतात. क्रूझ कंट्रोल (गाडीचा वेग आपोआप कायम ठेवणारी सोय) ६७ वर लावलेला असेल तर गाडी त्याच वेगात गावात शिरते. बाल्डविन सोडल्यावर क्रूझ बंदच ठेवा. 'पुढे वेग कमी' ही पिवळी पाटी दिसताच ब्रेक लावा, कारण नुसता पाय काढून ६५ ची गाडी वेळेत ४५ वर येत नाही. नवी मर्यादा पांढऱ्या पाटीपासूनच लागू होते. गाव संपल्यावरही वाढीव आकड्याची पाटी ओलांडेपर्यंत घाई नको.

पहिलं गाव लॉटी. पुढे स्टार्कला पश्चिमेकडून बायपास आहे, तोच घ्या. त्यानंतर हॅम्प्टन. वस्ती जेमतेम पाचशेची आणि मूळ गाव हायवेपासून आत, पण हायवेचा सुमारे १,२६० फुटांचा तुकडा गावाने हद्दीत ओढून घेतला होता. कशासाठी, ते उघड आहे. २०१४ च्या सरकारी लेखापरीक्षणानंतर गावच बरखास्त व्हायची वेळ आली होती. शेजारच्या वाल्डोत सात पोलिसांनी २०१३ मध्ये जवळपास १२,००० पावत्या फाडल्या. बारा तासांच्या पाळीत बारा पावत्यांचा कोटा असल्याचं तिथल्याच पोलिसांनी २०१४ मध्ये नगर परिषदेला सांगितलं आणि गावाचं पोलीस खातं बंद झालं. आता तिथे काउंटीच्या शेरीफची, म्हणजे जिल्हा पोलिसांची, गस्त असते. २०१५ च्या राज्याच्या कायद्याने कोट्यावर बंदी आली. पोलीस खात्याच्या खर्चाच्या ३३ टक्क्यांहून जास्त रक्कम पावत्यांतून आली, तर गावाला विधिमंडळाला कळवावं लागतं. 'ट्रिपल ए' या वाहनचालकांच्या संघटनेने १९९५ मध्ये लॉटी आणि वाल्डोला 'ट्रॅफिक ट्रॅप', म्हणजे पावत्यांचा सापळा, ठरवून इशाऱ्याचे फलक लावले होते. तो शिक्का २०१८ मध्ये काढला. पाट्या मात्र अजून तशाच उतरतात.

मागे निळे दिवे लागले तर उजव्या कडेला थांबा, काच खाली करा, हात स्टिअरिंगवर ठेवा. आपल्याकडच्या सवयीने खाली उतरून साहेबांकडे चालत जाऊ नका. तिथे तो धोका समजतात. आणि 'इथेच मिटवू' हा विषय तर काढूच नका, तो वेगळा गुन्हा होईल.

पावतीवर ३० दिवसांची मुदत असते. घाईने ऑनलाइन दंड भरला की गुन्हा कबूल आणि परवान्यावर पॉइंट (दोषाचे गुण): वेग मर्यादेपेक्षा १५ मैलांपर्यंत जास्त असेल तर ३, त्यापुढे ४. त्याऐवजी क्लार्क ऑफ कोर्टकडे (काउंटीच्या कोर्टाचं कार्यालय) चार तासांचा ड्रायव्हिंग कोर्स निवडला तर पॉइंट लागत नाहीत. दंड सुटत नाही. ही सवलत १२ महिन्यांत एकदाच मिळते. मर्यादेपेक्षा ३० मैल किंवा अधिक वेग असेल तर कोर्टात हजर राहावंच लागतं. लॉटी आणि हॅम्प्टनची पावती ब्रॅडफर्ड काउंटीत जाते, वाल्डोची अलाचुआत. चुकीच्या साइटवर पावती शोधण्यात मुदत घालवू नका.