तिघांत एक विमान

नौपाडा, ठाणे. शनिवार.

समीर टेक्सासमध्ये विमान घेतोय. तिघांत मिळून, चार आसनी सेस्ना 172. दोघे भागीदार मुरलेले आणि हा नवा, लायसन्स नुकतंच हातात आलेलं. विम्याचं कोटेशन चढं आलं ते याच्यामुळेच. तिघांत ज्याचे उड्डाणाचे तास सगळ्यात कमी, बहुतेक त्याच्याकडे बघूनच दर ठरतो. ‘आत्या, माझ्यापायी त्यांना भुर्दंड,’ म्हणाला आणि गप्प झाला.

माझी सगळी नोकरी जनरल इन्शुरन्समध्ये गेली, मोटारच्या क्लेमवर. विमानाची पॉलिसी कधी हाताळली नाही, पण पॉलिसी वाचायची कशी ते कळतं. म्हटलं, पाठव. दुपारी जेवणं आटोपल्यावर कलम न् कलम वाचलं.

आपल्याकडे मोटारीची थर्ड पार्टी सक्तीची आहे. तिकडच्या केंद्रीय कायद्यात खासगी छोट्या विमानाला तशी सक्ती नाही. त्यामुळे पॉलिसीतला शब्द न् शब्द महत्त्वाचा, आणि सगळ्यात महत्त्वाचं पायलटचं कलम. समीरच्या नावापुढे लिहिलंय: एकट्याने उडवण्याआधी या विमानावर इन्स्ट्रक्टरबरोबर दहा तास. त्याला हे जाचक वाटतं. मला नाही वाटत. लायसन्ससाठी तिकडे किमान 40 तास लागतात आणि ते त्याने दुसऱ्याच जातीच्या विमानावर काढलेत. हे दहा तास पुरे व्हायच्या आत तो एकटा गेला आणि उतरताना नुसतं पुढचं चाक मोडलं, तरी क्लेम नामंजूर होऊ शकतो.

खरी गोम पुढे आहे. पायलट म्हणून याचं नाव आहे, पण इन्शुअर्ड म्हणजे विमाधारक म्हणून पॉलिसी अजून त्या दोघा भागीदारांच्याच नावावर. ते म्हणतात, तुझे तास भरले की तू ‘ओपन पायलट’ कलमात, म्हणजे नाव न घालता ठरलेल्या अटी पुऱ्या करणाऱ्या पायलटांच्या कलमात बसशील, वेगळं नाव कशाला? इथे मी समीरला थांबवलं. त्या कलमाने मालकांना भरपाई मिळते, उडवणाऱ्याला संरक्षण मिळतंच असं नाही. मालकांना पैसे देऊन कंपनी वसुलीसाठी त्याच्याच मागे लागू शकते. सब्रोगेशन! अशी वसुलीची पत्रं मी स्वतः सही करून पाठवलीत, ती मिळाल्यावर माणसं कशी हबकतात ते पाहिलंय. इन्शुअर्ड म्हणून तिसरं नाव चढलंच पाहिजे.

प्रीमियम वाचवायला विमानाची किंमत कमी लिहायचंही त्यांच्या मनात आहे. तेही नको. आपल्या मोटार विम्यातल्या आयडीव्हीसारखा, म्हणजे विम्यासाठी धरलेल्या गाडीच्या किमतीसारखा, हा आकडा आधीच ठरतो. तो कमी असला तर दुरुस्तीचा खर्च चटकन त्याच्या जवळपास जातो. मग कंपनी टोटल लॉस धरून तेवढेच पैसे देते आणि विमान घेऊन जाते.

माझी नजर सगळ्यात जास्त अडली ती एका छोट्या ओळीवर. लायबिलिटी, म्हणजे दुसऱ्यांना द्यायच्या भरपाईची मर्यादा, दहा लाख डॉलर, पण प्रवाशामागे एक लाखच. तिकडे ही मर्यादा सर्रास असते म्हणे. असेल, पण दादा-वहिनी हिवाळ्यात तिकडे जाणार आहेत आणि याला पहिल्यांदा त्यांनाच वर न्यायचंय. माझीच माणसं त्या मागच्या सीटवर बसणार.

संध्याकाळी, म्हणजे त्याच्या सकाळी, पुन्हा बोललो. सोमवारी तो ब्रोकरला लेखी विचारणार आहे: तिसरं नाव घालायला काय लागेल आणि प्रवाशामागची मर्यादा काढली तर प्रीमियम किती वाढेल. इन्स्ट्रक्टरची वेळ त्याने घेतलीसुद्धा.