एक टाळ थांबत नाही तेव्हा

पहिला कर्णा वाजला की राहुट्या उतरवायच्या, दुसऱ्याला दिंडीने आपल्या जागी उभं राहायचं, तिसऱ्याला पालखी हलते. आळंदीहून निघणारा माउलींचा सोहळा रोज असा चालू लागतो. ‘चला, उठा’ म्हणत कुणी फिरत नाही.

आमच्या दिंडीतल्या एका काकांना जन्मापासून ऐकू येत नाही, बोलताही येत नाही. त्यांना कर्णा कसा कळणार? तर ज्याला आधी जाग येईल त्याने काकांच्या पायाचा अंगठा दाबायचा, हा राहुटीचा नेमच होता. काका उठायचे, आवरून झालं की सगळ्यांच्या कपाळी बुक्का लावायचे आणि टाळ गळ्यात घालायचे.

हो, टाळ. वारी म्हणजे अभंग आणि अभंग म्हणजे शब्द, हे मला मान्यच आहे. काकांच्या वाट्याला मात्र अभंगाचा ठेका येतो, आणि तो ते पक्का धरतात. त्यांची नजर मृदंग्याच्या हातावर आणि पुढच्या रांगेच्या पावलांवर. लय वाढणार असली की मृदंगी मान किंचित वर करतो. ते मला काकांमुळे दिसलं. तोवर मी नुसता ऐकत होतो.

आमचं बोलणं खुणांचं. दोन्ही हात कमरेवर ठेवले की विठोबा. मग हात पुढे करून भुवया उंचावल्या की ‘पंढरी अजून किती लांब?’ अंगठा ओठांना लावला की पाणी. ही खूण त्यांना कुणी शिकवली असेल असं वाटत नाही, वाटेतला कुणीही अनोळखी माणूस ती ओळखायचा. तसंही वारीत दोन माणसांची पहिली ओळख पाया पडूनच होते. तुम्ही वाकलात की समोरचाही वाकतो, मग तो वयाने कितीही मोठा असो.

नीरेच्या स्नानानंतर लोणंदचा तळ. संध्याकाळी समाजआरतीला दिंड्या गोलाकार उभ्या राहिल्या, पालखी मध्ये आली. टाळांचा असा कल्लोळ की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जाऊ नये. मग सोहळ्याची शिस्त सांभाळणाऱ्या चोपदारांनी हातातला दंड वर केला आणि टाळ थांबले. एवढ्या माणसांचे हात एका काठीच्या इशाऱ्यावर थांबतात, हे मी आधी वाचलं होतं, पण तिथं उभं राहिल्यावर अंगावर काटा आला.

एका दिंडीचे टाळ मात्र वाजतच राहिले. ही तक्रारीची रीत आहे. ज्या दिंडीचं काही गाऱ्हाणं असेल ती दंड वर गेल्यावरही टाळ थांबवत नाही. मग चोपदार तिच्याकडे जातात, ऐकून घेतात, मार्ग काढतात. दिंडी लहान असो की मोठी, तिचं ऐकल्याशिवाय सोहळा पुढे सरकत नाही. यापेक्षा चांगली न्यायाची सोय मी दुसरीकडे पाहिलेली नाही. ओरडून कुणाला दाबता येत नाही, आणि गाऱ्हाणं मांडायला वक्तृत्व लागत नाही.

मी आवाज कुठून येतोय ते शोधत होतो. एवढ्या मोकळ्या माळावर काही कळेना. काकांनी माझं कोपर धरलं आणि थेट समोर बोट दाखवलं. सगळे हात थांबलेले आणि एकाच रांगेचे हलताहेत, हे त्यांना केव्हाच दिसलं होतं. चोपदार तिथं पोचले. त्या दिंडीतला एक जण हातवारे करून सांगत होता. काका टाचा उंच करून पाहत राहिले, मग माझ्याकडे वळून अंगठा ओठांना लावला आणि पंजा हलवून ‘नाही’ म्हणाले.

त्या दिंडीचा पाण्याचा टँकर तळावर आलाच नव्हता.

चोपदारांनी काही सांगितल्यावर टाळ थांबले. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू, उद्या निघायची वेळ हे सगळं पुकारून झालं, आरती झाली. आमच्या दिंडीचे विणेकरी बाबा राहुटीकडे निघाले होते. काकांनी त्यांना हाताला धरून त्या दिंडीकडे नेलं. आमचा टँकर त्या रात्री तिकडे जाऊन आला.