बीपी मोजण्याआधीची पाच मिनिटं

‘टेन्शन घेऊ नका, बीपी वाढेल’ हा सल्ला द्यायला सोपा, पाळायला अशक्य. टेन्शन कुणी हौसेनं घेत नाही. माइंडफुलनेसचा, म्हणजे सजगतेचा, रक्तदाबाशी संबंध याहून बराच साधा आहे. हात मिठाकडे गेला, गोळी राहिली, दात आवळले गेले, हे घडत असतानाच ध्यानात येणं म्हणजे सजगता. डोळे मिटून बसणं ही तिची नुसती तालीम.

सुरुवात मशीनपासून करा. दंडाला बांधायचं मशीन घ्या. मनगटाच्या मशीनचा आकडा हात जरा वरखाली झाला तरी बदलतो. पट्टा दंडाच्या घेराला शोभेल असा हवा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की न वाढलेलं बीपीही वाढलेलं दिसतं. बाही वर सरकवून घट्ट अडकवू नका, ती काढूनच टाका आणि कोपराच्या खोबणीच्या दोन बोटं वर पट्टा बांधा. त्याआधी अर्धा तास चहा-कॉफी, तंबाखू आणि व्यायाम नको. लघवीला जाऊन या, कारण तुंबलेल्या लघवीनंही आकडा चढतो. पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, पायावर पाय नाही, हात टेबलावर, पट्टा हृदयाच्या पातळीला. हात खाली लोंबत राहिला तर दर सेंटिमीटरमागे साधारण पाऊण अंक वाढतो. वीतभर खाली म्हणजे पंधराएक अंकांची फुकटची भर.

मग पाच मिनिटं गप्प बसायचं. नेमकी हीच पाच मिनिटं बहुतेक जण फोनमध्ये घालवतात. त्याऐवजी तळव्यांना जमीन लागतेय, पाठीला खुर्ची लागतेय, श्वास येतोय-जातोय एवढंच जाणवू द्या. श्वास मुद्दाम लांबवू नका, आकडा खाली आणायचा प्रयत्न तर मुळीच नको. नंतर एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा, मोजताना बोलू नका. सकाळी गोळी आणि नाश्त्याआधी, तसंच संध्याकाळी, असं सात दिवस. पहिला दिवस सोडून द्या आणि बाकीच्यांची सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ किंवा वर असेल तर ते वाढलेलं बीपी. दवाखान्यात हीच रेषा १४०/९० ची. एखाद्या सुट्या आकड्यानं हुरळू नये आणि हबकूही नये. धास्तीनं दर दहा मिनिटांनी मोजत बसणाऱ्यांचं बीपी त्या धास्तीनंच चढत राहतं.

श्वासाचा सराव मोजून झाल्यावर करा. हा क्रम उलटा झाला की फसगत होते: संथ श्वासानंतरचा आकडा तात्पुरता उतरलेला असतो, तो पाहून लोक गोळी टाळतात. सराव रोज दहा-पंधरा मिनिटांचा पुरे. चार सेकंद श्वास आत, सहा सेकंद बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा. श्वास कोंडून धरू नका. गरगरलं तर तुम्ही फार खोल श्वास घेताय. संथपणा तोच ठेवून खोली कमी करा. मन भरकटणारच, भरकटलंय हे कळून परत येणं हाच खरा व्यायाम. काहींना श्वासाकडे पाहिलं की उलट घुसमटतं, त्यांनी डोळे उघडे ठेवून आवाजांकडे लक्ष द्यावं.

यातून मिळतं किती? जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत सुरू केलेल्या सजगतेच्या आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला रक्तदाबाची जोड देऊन ब्राउन विद्यापीठानं चाचणी घेतली. ती २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनी वरचा आकडा सरासरी सुमारे सहानं उतरला होता, तुलनेच्या गटापेक्षा साडेचारनं जास्त. हा फायदा खराच, पण गोळीची जागा घेण्याइतका नाही.

माझ्या मते खरी कमाई जेवणाच्या ताटाशी होते. दिवसाचं मीठ सगळं धरून पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या सपाट चमचाभरापेक्षा कमी. पाकीटबंद पदार्थ, सॉस आणि ब्रेडमधलं मीठ यातच आलं. आधी घास, मग हवं तर मीठ. जीभ काही आठवड्यांत सरावते. कमी सोडियमच्या मिठात बहुधा पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा बीपीच्या काही ठरावीक गोळ्या चालू असतील तर ते डॉक्टरांना विचारूनच.

गोळीच्या बाबतीत ‘आज बरं वाटतंय’ हा सगळ्यात खोटा साक्षीदार, कारण वाढलेलं बीपी बहुधा जाणवतच नाही. दात घासण्यासारख्या पक्क्या सवयीला गोळी जोडून टाका. क्लोनिडिन किंवा बीटा-ब्लॉकर गटातलं बीपीचं औषध एकदम बंद केलं तर बीपी उसळू शकतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकांनी आणि चोंदलेलं नाक मोकळं करणाऱ्या काही गोळ्यांनीही ते वाढतं. डॉक्टरांकडे आकड्यांची वही न्या, एकदा मशीनही न्या. निघण्यापूर्वी कोणती गोळी कधी, हे त्यांना स्वतःच्या शब्दांत सांगून दाखवा. गैरसमज तिथेच पकडला जातो.

आकडा १८०/१२० च्या वर आला तर पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा. तेवढाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. छातीत दुखणं, धाप, एका बाजूला लुळेपणा, बोबडी वळणं, नजर धूसर होणं यातलं काहीही सोबत असेल तर पुन्हा मोजत बसू नका, श्वासाचा सरावही नको. थेट रुग्णवाहिका बोलवा.