मथळ्याविरुद्ध तक्रार, सोलापुरातून दिल्लीपर्यंत

बायकांबद्दल आकस दाखवणाऱ्या मथळ्यावरची तक्रार बहुतेकदा पहिल्याच पत्रात लंगडी पडते, कारण त्यात 'भावना दुखावल्या' यापलीकडे काही नसतं. आम्ही सोलापुरात अशी पत्रं लिहितो तेव्हा कात्रणांना बोलू देतो. समजा मथळा आहे, 'सात रस्ता चौकात महिला चालकाने दुचाकीस्वाराला उडवले'. मग त्याच दैनिकाचे मागचे अंक चाळायचे. पुरुष गाडी चालवत असताना 'कारच्या धडकेत दुचाकीस्वार जखमी' असं छापलेलं सापडलं, की दोन्ही कात्रणं शेजारी लावायची. कधी पुरावा बातमीतच असतो: वर 'अनैतिक संबंधातून खून', खाली पोलिसांचं 'कारण अद्याप अस्पष्ट'. 'एकतर्फी प्रेमातून हल्ला' सर्वांत जास्त डोक्यात जातो, पण तिथे जिंकणं अवघड. 'फिर्यादीतच तसं आहे' म्हणून संपादक हात वर करतात.

मथळा सहसा बातमीदार देत नाही, डेस्कवरचा उपसंपादक देतो. ओळखीच्या बातमीदाराला फोन केला तर तो हळहळतो, बस. पत्र संपादकाच्या नावे जायला हवं. ते नाव बहुधा शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक टायपात, बातम्यांच्या निवडीची जबाबदारी सांगणाऱ्या ओळीत असतं. पत्रात तारीख, पान, मथळा जसाच्या तसा आणि आवृत्ती लिहायची. शहर आवृत्तीतला मथळा ग्रामीण आवृत्तीत वेगळा असू शकतो. मागणी नेमकी करायची: त्याच पानावर दुरुस्ती. ईमेलबरोबर स्पीड पोस्टही करावं, पावती जपावी.

उत्तर आलं नाही किंवा टोलवाटोलवी झाली, तर दिल्लीची प्रेस कौन्सिल, म्हणजे वृत्तपत्रांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारी कायद्याने नेमलेली संस्था. दैनिक, साप्ताहिकासाठी मुदत छापल्यापासून २ महिने, इतर नियतकालिकांना ४. संपादकाची वाट पाहण्यातच ही मुदत उलटते, म्हणून आम्ही पत्रातच उत्तरासाठी १५ दिवस देतो. अर्जासोबत मूळ किंवा स्वसाक्षांकित कात्रण, त्याचं इंग्रजी भाषांतर, संपादकाशी झालेला पत्रव्यवहार, आणि सर्व तथ्यं मांडली असून या विषयावर कोर्टात काही प्रलंबित नाही असं घोषणापत्र लागतं. कोर्टात प्रकरण असेल तर कौन्सिल चौकशी करत नाही.

दंडाची अपेक्षा ठेवू नये. १९७८ च्या प्रेस कौन्सिल कायद्याच्या कलम १४ नुसार कौन्सिल इशारा देऊ शकते, समज देऊ शकते, ठपका ठेवू शकते. संपादकांना हा ठपका झोंबतो, एवढंच त्याचं वजन.

टीव्ही कौन्सिलच्या कक्षेत येत नाही. एनबीडीए या वृत्तवाहिन्यांच्या संघटनेच्या सदस्य वाहिनीकडे प्रक्षेपणापासून ७ दिवसांत लिहावं लागतं. न्यूज पोर्टलच्या तक्रार अधिकाऱ्याने २०२१ च्या आयटी नियमांनुसार १५ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. तिथे आधी लिंक आणि वेळेसह स्क्रीनशॉट घ्या, दुपारपर्यंत मथळा बदललेला असतो.

बलात्काराच्या बातमीत पीडितेची ओळख छापली असेल तर मात्र कौन्सिलसाठी थांबू नये. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली तो गुन्हा आहे, थेट पोलीस ठाणं गाठायचं. आणि आपल्या पत्रात ते नाव पुन्हा लिहायचं नाही.