‘मामा’ची नोंद

कोशाच्या मसुद्यातली ‘मामा’ची नोंद माझ्याकडे तपासायला आली. व्युत्पत्तीच्या रकान्यात कॉकेशसमधल्या जॉर्जियन भाषेतला ‘मामा’ आणि ऑस्ट्रेलियातल्या पित्जन्त्जत्जारा भाषेतला ‘मामा’ असे दोन शब्द होते. पुढे ‘मूळ एकच?’ अशी टीप. दोन्हीकडे अर्थ बाप. नातं जवळचं, उच्चार तोच. सहज फसावं अशी नोंद.

आधी प्रत्येक शब्द त्याच्या भाषेच्या घराण्यात मागे नेला. संस्कृतात ‘माम’ सापडतो, पण कथांमध्ये, तोही फक्त हाक मारताना. नात्याचा रीतसर शब्द ‘मातुल’, ‘मातृ’वरून झालेला. जॉर्जियनच्या सख्ख्या भाषांपैकी मिंग्रेलियनमध्ये बाप ‘मुमा’, स्वानमध्ये ‘मू’. म्हणजे तो शब्द कॉकेशसमधल्या त्या घराण्याचाच. आईला जॉर्जियन माणूस ‘देदा’ म्हणतो! तमिळमधला ‘मामा’ मात्र वेगळ्या घराण्यातला असला तरी आईचा भाऊच आहे. शेजार आहे, अर्थही जुळतो, तो ‘तुल.’ म्हणजे ‘तुलना करा’ या खुणेखाली ठेवला.

मग ध्वनिनियम. पितृ–फादर, पाद–फूट, पशु–फी (‘फी’चा जुना अर्थ गुरंढोरं): शब्दाच्या सुरुवातीच्या संस्कृत ‘प’समोर इंग्रजीत दर वेळी ‘फ’. असा नियमाने पडलेला फरक हाच नात्याचा खरा पुरावा. ‘मामा’त एक व्यंजन, एक स्वर, तेही दोनदा. ताडून पाहायला काही उरतच नाही.

उरलं ते बालभाषेचं. मिटलेले ओठ उघडले की ‘मा’ निघतो. त्याला अर्थ मोठी माणसं लावतात. स्वाहिलीत ‘मामा’ म्हणजे आई, तुर्कीत तान्ह्याचं खाणं. मानववंशशास्त्रज्ञ मर्डॉक यांनी १९५९ मध्ये जगभरच्या भाषांतले आई-बापाचे १,०७२ शब्द मांडले. त्यावरून भाषाशास्त्रज्ञ याकोबसन यांनी दाखवलं की आईच्या शब्दांपैकी ५५ टक्क्यांत म, न यांसारखी अनुनासिकं येतात, बापाच्या शब्दांपैकी १५ टक्क्यांत. जॉर्जियन ‘मामा’ त्या पंधरा टक्क्यांतला. भाषांची नाती तपासायची, मॉरिस स्वदेश या भाषाशास्त्रज्ञाची १०० शब्दांची यादी आहे, तिच्यात आई-बाप नाहीत, हे मला फार योग्य वाटतं.

नोंद अशी झाली: ‘मामा: सं. माम (संबोधन), बालभाषेतला शब्द. तुल. तमिळ मामा.’ बाकीचं खोडलं. त्याच हाताने ‘दादा’ उघडला; तिथे तुर्की ‘देदे’, म्हणजे आजोबा, बसलेले होते. तेही काढले.