मऊ विटेला सिमेंटच्या दरजा

इंडियाना राज्यातलं कोलंबस हे जेमतेम 50 हजार वस्तीचं शहर. पुण्याच्या माणसाला ते कमिन्समुळे ऐकून माहीत असतं; 1962 साली किर्लोस्करांबरोबर पुण्यात इंजिनांचा कारखाना काढला ती कंपनी इथली. बाकीचं जग इथे येतं ते इमारती बघायला. एलिएल सारिनेन यांचं 1942 सालचं चर्च, त्यांचा मुलगा ईरो याने 1954 साली बांधलेली काचेची बँक, आय. एम. पेई यांचं ग्रंथालय. मलाही त्या फार आवडतात. पण माझं पोट भरतं ते त्यांच्या आसपासच्या जुन्या विटांच्या दुकानांवर. जुन्या बांधकामांची तपासणी आणि दुरुस्ती हेच माझं काम.

मार्चमधली ती सकाळ. वॉशिंग्टन स्ट्रीटजवळच्या एका एकोणिसाव्या शतकातल्या दुकानाची मागची भिंत बघायला बोलावणं आलं होतं. मालकीणबाई ऐंशीच्या घरातल्या. म्हणाल्या, "भिंतीची माती होतेय हो. रोज सकाळी झाडून काढते."

भिंतीच्या पायथ्याशी खरोखरच लाल भुगा साचला होता. मी एका विटेवर अंगठा दाबला तर तिचा दर्शनी पापुद्रा पापडासारखा सुटून तळहातावर आला. आतली वीट ओली, भुसभुशीत. तिच्या चारही बाजूंना करड्या सिमेंटच्या दरजा, म्हणजे विटांमधले भरलेले सांधे, मात्र जशाच्या तशा, विटेपेक्षा बोटभर पुढे आलेल्या. नुसता सांगाडा उरला होता.

कारण तिथेच दिसलं. त्या काळच्या विटा कमी भाजलेल्या, मऊ. त्यांना चुन्याच्या दरजा असत. भिंतीत मुरलेलं पाणी चुन्यातून बाहेर पडून वाळून जाई; झिजायचं तर दरज झिजे, वीट नाही. सिमेंटने ती वाट बुजवली. मग पाणी विटेतून निघू लागलं. इथल्या थंडीत ते विटेतच गोठतं, गोठताना 9 टक्क्यांनी फुगतं आणि विटेचं तोंड उडवतं. भट्टीत भाजलेलं ते कडक तोंड एकदा गेलं की आतल्या विटेला वाली उरत नाही.

बाईंना हे सांगणं जड गेलं. दरजा त्यांनीच भरून घेतल्या होत्या, काही वर्षांपूर्वी, साठवलेल्या पैशांतून. कंत्राटदार म्हणाला होता, सिमेंट पक्कं असतं. त्या बराच वेळ भिंतीकडे बघत राहिल्या. "म्हणजे मीच पैसे देऊन..." एवढंच म्हणाल्या. मी त्यांचा हात धरला. चूक त्यांची नव्हती. पक्कं म्हणजे चांगलं, असंच सगळे धरून चालतात. आपल्याकडे वाड्यांनाही याच समजुतीने सिमेंटचा गिलावा थापलाय आणि त्याच्या आड भिंती सादळतायत. मला याचा मनापासून राग येतो.

बरोबरच्या गवंड्याने छिन्नीने एक दरज हलकेच खरवडली. ग्राइंडर लावला असता तर विटांच्या कडा गेल्या असत्या. इंचभर आत मूळचा चुना निघाला, पिवळसर, त्यात पांढऱ्या कळीचे बारीक खडे. बोटांत चुरडला आणि मला पुण्यातल्या वाड्यांवर काम केलेले दिवस आठवले. तिथल्या चुन्यातही असेच खडे सापडायचे. वाळू गोल दाण्यांची. गवंडी म्हणाला, ही नदीचीच. फ्लॅटरॉक आणि ड्रिफ्टवूड या दोन नद्यांचा संगम गावातच आहे. मी नमुना पिशवीत घेतला, म्हणजे त्याच जातीची वाळू शोधता येईल.

बाईंना लगेच काम हवं होतं. चुना सावकाश धरतो, ओला असताना थंडी लागली तर फुकट जातो, असं मी समजावलं. मेपर्यंत थांबायला हवं. फुटलेल्या विटा तेव्हा बदलू, बाकीच्या वाचतील.

"थांबते," त्या म्हणाल्या. मग मला हाताला धरून बाजूच्या बोळात घेऊन गेल्या. पैसे संपल्यामुळे तिकडच्या भिंतीच्या दरजा भरायच्या राहून गेल्या होत्या. चुना झिजला होता, खोबणीत बोट जात होतं. विटा मात्र सगळ्या शाबूत. हातोडीने हलकं ठोकलं तर खणखणीत वाजल्या.